हुकूमशहाची सावली : वार्गास योसा यांच्या दोन कादंबऱ्यांतील गुप्त पोलिसप्रमुखाचा उदय

१

हुकूमशाहीविषयीच्या कादंबरीत हुकूमशहापेक्षा त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख हे पात्र लेखकाला अधिक अडचणीत टाकते. हुकूमशहाभोवती दंतकथेचे वलय असते. त्याचे विक्षिप्तपण, त्याचे एकटेपण, त्याचे वार्धक्य यांतून एक प्रकारची काळी भव्यता उभी करता येते. पोलिसप्रमुखापाशी असे काही नसते. त्याच्यापाशी कागद असतात, याद्या असतात, तळघरे असतात आणि एक हुद्दा असतो. तो सत्तेचा धनी नसतो आणि केवळ शिपाईही नसतो. हा मधला माणूस वर कसा आला, हा प्रश्न वरकरणी चरित्रात्मक वाटतो. प्रत्यक्षात तो कथनाचा आणि नीतीचाही प्रश्न आहे. त्याच्या उदयाची जी कारणपरंपरा कादंबरी रचते, तिच्यातूनच ती अपराधाची वाटणी करीत असते.

ही वाटणी दोन प्रकारे होऊ शकते. पहिल्या प्रकारात पोलिसप्रमुख हा मुळातच क्रूर, विकृत, अमानुष असतो. त्याच्या शिरकावामुळे राजवट बिघडते आणि त्याच्या जाण्याने ती काहीशी शुद्ध होते. दुसऱ्या प्रकारात राजवटीने त्याच्यासाठी जागा आधीच तयार करून ठेवलेली असते. ती भरायला कोणीतरी हवा असतो आणि तो मिळतो. पहिल्या प्रकारातील पोलिसप्रमुख हुकूमशहाला आणि समाजाला एक सबब पुरवतो. दुसऱ्या प्रकारात तो आरसा होतो. लॅटिन अमेरिकेतील हुकूमशहा-कादंबरीची परंपरा या दोन शक्यतांमध्ये कशी हेलकावे खाते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मारिओ वार्गास योसा यांनी हे पात्र दोनदा हाताळले: १९६९ च्या 'कॉन्व्हर्सेशन इन द कॅथेड्रल'मध्ये पेरूतील ओद्रियाच्या राजवटीच्या संदर्भात आणि २००० च्या 'द फीस्ट ऑफ द गोट'मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातील त्रुहियोच्या राजवटीच्या संदर्भात. एकाच लेखकाने एकतीस वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन मांडण्यांतील फरक, माझ्या मते, आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी नेणारा आहे. २०२५ मध्ये योसा यांचे निधन झाल्यावर त्यांच्या लेखनाची जी फेरतपासणी आता अपरिहार्य आहे, तिच्यातही या प्रश्नाला स्थान असावे.

२

योसा यांच्याकडे वळण्यापूर्वी परंपरेतील दोन टोके ध्यानात घ्यायला हवीत.

मिगेल आन्हेल आस्तुरिआस यांची 'एल सेन्योर प्रेसिदेन्ते' ही कादंबरी १९४६ मध्ये मेक्सिकोत प्रसिद्ध झाली. तिचे लेखन त्यापूर्वी बऱ्याच वर्षांपासून चालले होते. ग्वाटेमालात १८९८ ते १९२० या काळात सत्तेवर असलेल्या मान्वेल एस्त्रादा काब्रेरा याची राजवट तिच्या पार्श्वभूमीला आहे. या कादंबरीत राष्ट्राध्यक्ष क्वचितच दिसतो, परंतु त्याचे भय प्रत्येक पानावर असते. त्याचा मर्जीतला माणूस मिगेल कारा दे आन्हेल हा देखणा आहे आणि दुष्टही. त्याचे वर्णन देवदूत आणि सैतान यांच्या संयोगातूनच पुनःपुन्हा येते. म्हणजे येथे सत्तेचा हस्तक ही एक पुराणप्रतिमा आहे. प्रेमात पडताच तो मानवी होतो आणि मानवी होताच सत्तेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. तळघरातील कोठडीत, पत्नीविषयी मुद्दाम पेरलेल्या खोट्या वार्तेने त्याचा अंत होतो.

पण आस्तुरिआस यांची खरी सूक्ष्मता या मध्यवर्ती पात्रात नाही. ती कादंबरीच्या कडेला आहे. लुसिओ वास्केस हा गुप्त पोलिसांतला साधा माणूस आणि हेनारो रोदास हा त्याचा मित्र. रोदासला गुप्त पोलिसांत नोकरी हवी आहे. तिथे कामाला लागणे म्हणजे पगार, वट आणि सुरक्षितता, एवढाच त्याचा हिशोब. तो क्रूर नाही, गरजू आहे. दहशतीची यंत्रणा ही नोकरी देणारी यंत्रणा असते, हे सत्य आस्तुरिआस यांनी अशा गौण प्रसंगातून नोंदवले. पुढे योसा यांनी त्याचेच मध्यवर्ती आशयसूत्र केले.

दुसरे टोक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या 'द ऑटम ऑफ द पेट्रिआर्क' (१९७५) या कादंबरीचे. येथे म्हाताऱ्या हुकूमशहाची पत्नी आणि लहान मुलगा यांना भर बाजारात कुत्री फाडून टाकतात. अपराध्यांचा शोध घेण्यासाठी तो होसे इग्नासिओ साएन्स दे ला बारा या माणसाला नेमतो. हा माणूस उमराव घराण्यातला, अत्यंत नीटनेटका, सुसंस्कृत, सोबत एक डोबरमन कुत्रा बाळगणारा. थोड्याच दिवसांत राजवाड्यात पोत्यांतून माणसांची मुंडकी येऊ लागतात. जितकी मुंडकी येतात, त्याच्या कैक पटींनी नवे शत्रू निर्माण होतात आणि कामाला अंत राहत नाही. म्हातारा भयभीत होतो, पण त्याला हे थांबवता येत नाही. शेवटी साएन्सचे विटंबलेले प्रेत चौकात टांगले जाते आणि म्हातारा मात्र राहतोच.

या अतिशयोक्तीच्या तळाशी एक निश्चित निरीक्षण आहे. जुनी दहशत ही म्हाताऱ्याच्या लहरीची होती. साएन्सबरोबर आली ती हिशोबी, पद्धतशीर, आधुनिक दहशत. तथापि, 'हे सर्व त्याने केले, मला कल्पना नव्हती' ही म्हाताऱ्याची भूमिका कादंबरी खरी मानत नाही. ज्या माणसाने आपल्या सर्वांत जवळच्या सेनानीला भाजून मेजवानीच्या ताटात वाढले, त्याला मुंडक्यांची शिसारी यावी, यातला उपहास उघड आहे. सबब ही सबब म्हणूनच दाखवली जाते. मात्र दंतकथेच्या या भाषेत एक मर्यादाही आहे. साएन्स कुठून आला, त्याला कोणी सुचवले, त्याच्या कामाचा लाभ कोणाला झाला, या प्रश्नांना तिथे जागाच नाही. तो अवतरतो. दंतकथेत उदय नसतो, अवतरण असते. उदय दाखवायचा तर कादंबरीला समाजात उतरावे लागते.

३

योसा यांनी नेमके हेच केले. २७ ऑक्टोबर १९४८ रोजी जनरल मान्वेल ओद्रिया याने अरेकिपातून उठाव करून राष्ट्राध्यक्ष बुस्तामान्ते यांना पदच्युत केले. १९५० मध्ये प्रतिस्पर्धी तुरुंगात असताना निवडणुकीचा देखावा करून त्याने आपली सत्ता कायदेशीर करून घेतली आणि १९५६ पर्यंत ती टिकवली. आप्रा पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्यावर बंदी आली. १९४९ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. या राजवटीच्या पोलिसी बाजूचा सूत्रधार आलेहान्द्रो एस्पार्सा सान्यार्तू हा होता. सान मार्कोस विद्यापीठातील विद्यार्थिदशेत, अटकेतील सहकाऱ्यांसाठी गेलेल्या एका शिष्टमंडळात योसा यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले होते. कादंबरीचे बीज त्या भेटीत आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांना जाणवले ते त्याचे सामान्यपण. इतके भय ज्याच्या नावाभोवती होते तो माणूस दिसायला कोणीच नव्हता. विद्यार्थ्यांचे गुप्त पत्रक मात्र त्याच्या खणात व्यवस्थित ठेवलेले होते.

कादंबरीतला कायो बेर्मुदेस या सामान्यपणातून घडला आहे. त्याचा बाप 'गिधाड' म्हणून ओळखला जाणारा सावकार. चिंचा या प्रांतिक गावात तो बापाचा धंदा सांभाळतो, गावातल्या एका गरीब दूधवालीच्या मुलीला पळवून तिच्याशी लग्न करतो आणि वडिलांच्या रोषाला पात्र होतो. त्याच्या आयुष्याला पुढे काही वळण लागेल असे कुठलेच चिन्ह नसते. मग एक दिवस लष्करी वाहन गावात येते. कर्नल एस्पिना हा त्याचा शाळासोबती नव्या राजवटीत मंत्री झाला आहे आणि त्याने बेर्मुदेसला लीमाला बोलावले आहे.

येथे थांबायला हवे, कारण उदयाच्या कथेचा सगळा भार या बोलावण्यावर आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीने आपल्याला महत्त्वाकांक्षी तरुणाच्या उदयाची सवय लावली आहे. बाल्झाकचा रास्तिन्याक किंवा स्तांदालचा ज्युलियॅन सोरेल हे राजधानीवर चालून जातात. समाज त्यांना अडवतो आणि ते त्या अडवणुकीशी झुंजतात. वाचकाची सहानुभूती त्या झुंजीतून जन्मते. बेर्मुदेस कुठेही चालून जात नाही. त्याला बोलावले जाते. त्याच्यापाशी विचारसरणी नाही, ओद्रियाविषयी निष्ठा नाही, आप्राविषयी वैर नाही. त्याच्या नेमणुकीचे कारण एवढेच की तो कोणाचा नाही. लष्कराचा नाही, लीमाच्या प्रतिष्ठित घराण्यांचा नाही, कोणत्या पक्षाचा नाही. ज्याला स्वतःचे सामाजिक वजन नाही असा माणूसच अशा जागेवर सत्तेला परवडतो, कारण त्याला कधीही काढून टाकता येते. म्हणजे त्याच्या उदयाच्या अटीतच त्याचे पतन लिहिलेले आहे.

थोड्याच अवधीत तो एस्पिनाला मागे टाकतो. त्याची साधने पाहण्यासारखी आहेत. मारहाण आहे, तुरुंग आहे. पण त्याची खरी सत्ता फायलींत, कंत्राटांत आणि परवान्यांत आहे. डॉन फेर्मिन साव्हाला यांच्यासारखे प्रतिष्ठित उद्योगपती त्याला मनातून तुच्छ लेखतात, त्याच्या पाठीमागे त्याच्या जन्माची आणि कपड्यांची टवाळी करतात आणि त्याच वेळी आपल्या धंद्यासाठी त्याच्याबरोबर जेवतात. सान मिगेल भागात त्याने ओर्तेन्सिया या बाईसाठी ठेवलेले घर ही या व्यवहाराची गुप्त बाजू आहे. तेथे राजवटीतले बडे लोक येतात, पितात, आणि बेर्मुदेस पाहत राहतो. त्याचे हे 'पाहणे' केवळ वैयक्तिक विकृती म्हणून वाचले तर अपुरे वाचन होईल. इतरांच्या वासनांचा साक्षीदार असणे हाच त्याचा व्यवसाय आहे.

कादंबरीतील शिक्षेचे वाटप या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. एस्पिना आणि काही धनिक यांनी राजवटीविरुद्ध रचलेला कट उघडकीस येतो तेव्हा सर्व काही समजुतीने मिटवले जाते. सौम्य आवाजात बोलणी होतात, कोणाचा मान राखला जातो, कोणाचे आर्थिक हित थोडेफार आवळले जाते. त्रिनिदाद लोपेस या कामगाराला मात्र अशी समजूत मिळत नाही. मार खाऊन त्याचा जीव जातो. बेर्मुदेसची क्रूरता ही अशी वर्गनिहाय असते. ती त्याच्या स्वभावातून येत नाही. समाजाच्या उतरंडीचेच ती पालन करते.

आणि या उतरंडीच्या तळाशी लुदोविको आहे. बेर्मुदेसच्या हाताखाली मारहाणीचे काम करणाऱ्या या माणसाचे एकच स्वप्न आहे: आपले नाव कायम कर्मचाऱ्यांच्या यादीत यावे. रोजंदारीवरचा गुंड नव्हे, तर पोलिस खात्यातला रीतसर नोकर म्हणून आपली नोंद व्हावी. आस्तुरिआस यांच्या रोदासचा हा वारसदार. चिंचाहून लीमाला आलेला बेर्मुदेस आणि कायम होऊ पाहणारा लुदोविको ही एकाच शिडीवरची दोन माणसे आहेत. 'उदय' हा शब्द दोघांनाही लागू पडतो, आणि तो दोघांना लागू पडतो म्हणूनच त्याचा दिमाख नाहीसा होतो.

४

हे सर्व आशयाच्या पातळीवर झाले. परंतु कादंबरीचे श्रेष्ठत्व तिच्या निवेदनतंत्रात आहे, आणि ते तंत्र आपल्या प्रश्नापासून वेगळे काढता येत नाही.

सांतियागो साव्हाला, म्हणजे डॉन फेर्मिनचा मुलगा, आणि आंब्रोसिओ, म्हणजे आधी बेर्मुदेसचा आणि नंतर डॉन फेर्मिनचा मोटारचालक, हे दोघे 'ला कातेद्राल' नावाच्या एका गलिच्छ गुत्त्यात बसून सुमारे चार तास बोलतात. या संभाषणाच्या पोटात इतर असंख्य संभाषणे उमलत जातात. एका वाक्यात १९५० च्या आसपासच्या लीमातील कचेरी असते, पुढच्याच वाक्यात चिंचा, त्यापुढे ओर्तेन्सियाचे घर. कोण कोणाशी बोलत आहे हे ठरवायला वाचकाला परिश्रम करावे लागतात. या गुंतागुंतीला केवळ तांत्रिक करामत म्हणून बाजूला सारणारे वाचक पुष्कळ भेटतात. त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पहिल्या खंडात वाचकाची दमछाक होते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ही कादंबरी ग्रेगरी रबासा यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचावी लागत असल्याने बोलीतील वर्गभेदाच्या काही खुणा आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

तरीही या रचनेचा अर्थ स्पष्ट आहे. सांतियागोला पहिल्या पानापासून छळणारा प्रश्न हा आपल्या देशाचा आणि आपला नाश नेमका कोणत्या क्षणी झाला, हा आहे. गुप्त पोलिसप्रमुखाचा उदय हे या प्रश्नाचे सोपे उत्तर होऊ शकले असते. कादंबरी ते उत्तर देऊ शकत नाही, कारण तिच्या रचनेत कोणताही क्षण एकटा उभा राहत नाही. बेर्मुदेसचा हुकूम, डॉन फेर्मिनचा सौदा, आंब्रोसिओची मुकाट चाकरी आणि सांतियागोचे निष्क्रिय दुःख ही वाक्ये एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एक ओढले तर बाकीची बाहेर येतात. बाख्तिन यांनी ज्याला अनेकस्वरीपणा म्हटले तो येथे केवळ मतांचा अनेकस्वरीपणा नाही, तो सहभागाचा आहे. आणि या संपूर्ण विस्तारात ओद्रिया प्रत्यक्ष पात्र म्हणून समोर येत नाही. हुकूमशहा काढून घेतल्यावर हुकूमशाही किती शिल्लक राहते, याचा जणू हा प्रयोग आहे. उत्तर असे की जवळजवळ सगळीच शिल्लक राहते.

बेर्मुदेसचे पतनही याच न्यायाने होते. अरेकिपातील विरोधकांची सभा उधळण्यासाठी गुंड पाठवले जातात; त्यांत आंब्रोसिओचा बाप त्रिफुल्सिओ मारला जातो, शहर खवळते आणि राजवट बेर्मुदेसला सोडून देते. प्रत्यक्ष इतिहासातही १९५५ च्या अखेरीस अरेकिपातील आंदोलनानंतर एस्पार्साला जावे लागले. राजवट त्यानंतरही काही महिने चालू राहिली. बळी देण्याची ही सोय त्या पदाच्या निर्मितीपासूनच अभिप्रेत होती. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर पत्रकारांनी विचारले असता, लेखकाने मला विचारले असते तर मी त्याला याहून रंजक गोष्टी सांगितल्या असत्या, अशा आशयाचे उद्गार एस्पार्साने काढल्याचे योसा यांनी नमूद केले आहे. त्या उद्गारात पश्चात्ताप नाही आणि रागही नाही. एका निवृत्त अधिकाऱ्याची व्यावसायिक नाराजी तेवढी आहे. बेर्मुदेसच्या चित्रणाला याहून चांगली पावती मिळणे कठीण.

५

'द फीस्ट ऑफ द गोट'मध्ये परिस्थिती बदलते. येथे नावे खरी आहेत. राफाएल लेओनिदास त्रुहियो याने १९३० ते १९६१ अशी एकतीस वर्षे डोमिनिकन प्रजासत्ताकावर राज्य केले. जॉनी आबेस गार्सिया हा त्याच्या अखेरच्या पर्वातील लष्करी गुप्तचर सेवेचा, म्हणजे 'सिम'चा, प्रमुख. १९२४ मध्ये जन्मलेला हा माणूस घोड्यांच्या शर्यतींचा वार्ताहर होता. मेक्सिकोत राहून त्याने निर्वासितांवर पाळत ठेवण्याचे काम केले आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो त्रुहियोच्या यंत्रणेच्या शिखरावर पोहोचला. 'ला क्वारेन्ता' हे छळकेंद्र, रस्त्यांवरून फिरणाऱ्या काळ्या फोक्सवॅगन गाड्या, जून १९६० मध्ये कराकस येथे व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष बेतान्कूर यांच्यावर झालेला हल्ला, २५ नोव्हेंबर १९६० रोजी झालेली मिराबाल भगिनींची हत्या, हे सर्व त्याच्या कारकिर्दीशी जोडलेले आहे.

कादंबरीतला आबेस प्रथमदर्शनीच किळसवाणा आहे. थुलथुलीत, ओघळलेला, बेडकासारखा. छळाच्या प्रकारांचा अभ्यासू, गूढ पंथांचा नादी. बेर्मुदेसच्या कोरड्या सामान्यपणाच्या जागी येथे शारीरिक विद्रूपता येते. हे एक पाऊल मागे आहे काय? मला वाटते, काही अंशी आहे. पण हा निष्कर्ष काढण्यापूर्वी दृष्टिकोनाचा प्रश्न सोडवायला हवा. आबेसचे सर्वांत विस्तृत चित्रण त्रुहियोच्या प्रकरणांत येते, आणि त्या प्रकरणांचे निवेदन त्रुहियोच्या मनाला चिकटून चालते. त्रुहियो हा स्वच्छतेचा, इस्त्रीच्या घडीचा, घामाच्या एका थेंबाचाही तिटकारा असलेला माणूस. त्याला आबेस किळसवाणा वाटतो, कारण आपली घाण त्याने बाहेर काढून या माणसाच्या शरीरात ठेवली आहे. दीर्घकाळ टिकू पाहणाऱ्या राजवटीला, घाणीत हात घालून सर्वांचा द्वेष स्वतःवर ओढून घेणारा कोणीतरी लागतोच, हा विचार कादंबरीत उच्चारलाही जातो. म्हणजे कादंबरीला या सबबीच्या यंत्रणेचे पूर्ण भान आहे.

अडचण अशी की कटवाल्यांच्या प्रकरणांतही आबेस तसाच दिसतो. दृष्टिकोन बदलला तरी प्रतिमा बदलत नाही. अमादो गार्सिया गेर्रेरो याला निष्ठेची परीक्षा म्हणून एका बंद्यावर गोळी झाडावी लागते आणि नंतर कळते की तो त्याच्या प्रेयसीचा भाऊ होता. हा प्रसंग भयंकर आहे. पण त्याचा भयंकरपणा आबेसच्या यंत्रणेच्या सैतानी कल्पकतेत साठवला जातो, आणि अमादोच्या हाताला जी सवय राजवटीने आधीच लावली होती तिच्याकडे वाचकाचे लक्ष कमी जाते. त्रुहियोच्या किळसेला कादंबरीच जेव्हा दुजोरा देऊ लागते, तेव्हा सबबीचे विश्लेषण करणारी संहिता नकळत सबबीत सामील होते.

येथे इतिहासाची एक तारीख कादंबरीच्या मदतीला येते. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्रुहियोच्या आज्ञेने सीमाभागात हजारो हैतियन माणसांची कत्तल झाली. आबेस त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांचा होता. ज्या राजवटीने हे कृत्य केले तिला क्रूर होण्यासाठी आबेसची वाट पाहावी लागली नव्हती. योसा यांनी या कत्तलीची आठवण एका जेवणाच्या प्रसंगी, पाहुण्यांच्या कौतुकभरल्या उपस्थितीत, खुद्द त्रुहियोच्या तोंडी घातली आहे. ती सांगताना त्याला ना किळस वाटते, ना आबेसची गरज भासते. कादंबरीच्या कालपटाचे दुसरे टोकही असेच बोलके आहे. ३० मे १९६१ रोजी त्रुहियो मारला गेल्यावर आबेसची जपानला रवानगी होते; छळ मात्र थांबत नाही. त्रुहियोचा मुलगा रामफिस तो महिनोन्‌महिने चालू ठेवतो आणि १८ नोव्हेंबर १९६१ रोजी उरलेल्या कटवाल्यांना ठार करूनच देश सोडतो. आबेसच्या आधी दहशत होती आणि आबेसनंतरही होती. या दोन टोकांच्या मध्ये त्याला ठेवून पाहिले म्हणजे बेडकाच्या प्रतिमेआडचा खरा आबेस दिसतो: पदाधिकारी, ज्याची जागा रिकामी झाली तरी काम अडत नाही.

६

'फीस्ट'ची खरी ताकद म्हणूनच आबेसमध्ये नाही. ती सिनेटर आगुस्तिन काब्राल आणि होआकिन बालागेर या दोन सभ्य माणसांत आहे.

काब्राल हा राजवटीचा बुद्धिमान सेवक. अचानक मर्जीतून उतरल्यावर ती परत मिळवण्यासाठी तो आपली चौदा वर्षांची मुलगी उरानिया त्रुहियोला अर्पण करतो. पस्तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, उरानिया सांतो दोमिंगोला परत येते, तेव्हा अर्धांगवायूने वाचा गेलेल्या बापापुढे ती बोलते. तिच्या निवेदनात आबेसला फारसे स्थान नाही. तिला जे कृत्य सांगायचे आहे त्याच्या मुळाशी कोणताही पोलिसप्रमुख नव्हता; एक प्रेमळ, सुशिक्षित बाप होता.

मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ची (१९७२) आठवण होणे अटळ आहे. घाशीरामही मुलगी देऊन कोतवाली घेतो. तोही नाना फडणविसांची गरज संपताच जमावाच्या हाती दिला जातो आणि नाना उत्सवाची घोषणा करतात. पोलिसप्रमुखाच्या उदयात आणि बळी जाण्यात सत्तेचे जे गणित आहे ते तेंडुलकरांनी योसा यांच्याइतक्याच स्पष्टपणे ओळखले होते. फरक आहे तो मुलीच्या जागेचा. 'घाशीराम'मध्ये मुलगी देणारा आणि कोतवाल होणारा एकच. त्यामुळे अपमान, सूड आणि सत्ता यांचे एक सलग नाट्य उभे राहते, जे रंगभूमीला आवश्यकच होते. 'फीस्ट'मध्ये योसा ही दोन कृत्ये अलग करतात. घाणेरडी कामे करणारा आबेस मुलगी देत नाही; मुलगी देणारा काब्राल हातांना रक्त लागू देत नाही. शिवाय तेंडुलकरांची गौरी मरते आणि गप्प होते. उरानिया जगते आणि बोलते. 'घाशीराम'वर जो वाद झाला तो नानांच्या ऐतिहासिक प्रतिमेभोवती फिरत राहिला. आपले नाटक ऐतिहासिक नाही, घाशीराम निर्माण करणाऱ्या परिस्थितीविषयीचे आहे, ही तेंडुलकरांची भूमिका त्या गदारोळात मागे पडली. सबबीची ओढ केवळ राजवटींनाच असते असे नाही. ती प्रेक्षकांना आणि समीक्षकांनाही असते.

बालागेरची गोष्ट याहून थंड आहे. हा छोटा, मृदुभाषी, कविता लिहिणारा नामधारी राष्ट्राध्यक्ष त्रुहियोच्या मृत्यूनंतरच्या काही तासांतच खरा राष्ट्राध्यक्ष होतो. आबेसला दूर करणे ही त्याची पहिली मोठी खेळी. आबेस गेला म्हणजे राजवट बदलली, असा देखावा जगापुढे करता येतो. प्रत्यक्ष इतिहासात बालागेर पुढे १९६६ ते १९७८ आणि १९८६ ते १९९६ असा पुन्हा सत्तेवर राहिला. कादंबरीत आबेसचा अंत हैतीत, दुव्हालिएच्या मारेकऱ्यांच्या हातून, कुटुंबासह होतो. एकाला असा शेवट आणि दुसऱ्याला दशकांची सत्ता. उदय नेमका कोणाचा झाला, हा प्रश्न येथे वाचकाने विचारायचा आहे.

७

दोन्ही कादंबऱ्यांची तुलना करताना एक गोष्ट मान्य करावी लागते. 'फीस्ट'वर खऱ्या नावांचे बंधन आहे. ज्यांच्या नातेवाइकांनी 'ला क्वारेन्ता' भोगले त्या समाजापुढे आबेसला 'सामान्य माणूस' म्हणून मांडणे ही लेखकाला कदाचित क्रूर चलाखी वाटली असावी. हॅना आरेन्ट यांनी १९६३ मध्ये आइखमानच्या निमित्ताने दुष्टतेच्या सामान्यत्वाचा विचार मांडला, तेव्हा त्यांच्यावर जो रोष ओढवला त्याचे मूळही येथेच होते. सामान्यत्व दाखवणे म्हणजे क्षमा करणे, असा समज होतो. हा समज चुकीचा आहे, परंतु त्यामागचे दुःख चुकीचे नाही. म्हणून 'फीस्ट'मधील आबेसच्या विद्रूपीकरणाला मी केवळ कलात्मक दोष म्हणणार नाही. साक्ष देण्याच्या जबाबदारीची ती किंमत आहे.

तरीही किंमत ती किंमतच. 'कॉन्व्हर्सेशन' संपवताना वाचकाच्या हाती कोणी एक अपराधी लागत नाही, आणि म्हणून तो स्वतःला वगळू शकत नाही. बेर्मुदेसला बोलावणारा एस्पिना, त्याच्याबरोबर जेवणारा डॉन फेर्मिन, त्याची गाडी चालवणारा आंब्रोसिओ, कायम होण्याची वाट पाहणारा लुदोविको आणि हे सर्व ठाऊक असून दैनिकात किरकोळ अग्रलेख लिहीत राहणारा सांतियागो या सर्वांच्या बेरजेचे नाव कायो बेर्मुदेस आहे. 'फीस्ट'मध्ये हीच बेरीज काब्राल आणि बालागेर यांच्यापाशी येऊन पुरी होते, पण आबेसच्या बाबतीत ती अर्धवट सोडली जाते.

हुकूमशहा-कादंबरीचे मूल्यमापन करताना हुकूमशहाचे चित्रण किती प्रभावी, हा निकष आपण बहुधा वापरतो. त्याऐवजी दुसरा निकष वापरून पाहावा असे सुचवावेसे वाटते. त्या कादंबरीतल्या पोलिसप्रमुखाला कोणी बोलावले, त्याच्याबरोबर कोण जेवले आणि तो गेल्यावर कोण राहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे संहितेत सापडतात का, ते पाहावे. जिथे ती सापडत नाहीत तिथे, भाषा कितीही समर्थ असली तरी, आपल्याला एक राक्षस दाखवून घरी पाठवलेले असते.